दुसरीकडे पाऊस आहे का?

जयपूरच्या जोहरी बाजारामागच्या गल्ल्यांत सोनं-चांदी गाळायला बसलेल्या माणसांना गाव विचारलं, तर अनेकांच्या तोंडून विटा, खानापूर, आटपाडी, नाहीतर माण-खटाव अशी नावं निघतात. गलाईवाले म्हणून हे लोक देशभर पसरले आहेत. मूस, भट्टी, तेजाब आणि सराफाचा विश्वास एवढ्या भांडवलावर त्यांनी परक्या शहरांत संसार उभे केले. त्यांच्या हिकमतीचं कौतुक पुष्कळ होतं. पण त्यांना गावाबाहेर काढलं ते हिकमतीने नव्हे. सह्याद्री ओलांडून आलेले ढग खानापूर-आटपाडीवर पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात, त्या रित्या ढगांनी काढलं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, त्यांपैकीच एक. बहात्तरचा दुष्काळ अंगावर घेऊन, एका नातलगाच्या चिठ्ठीवर, मिसरूड फुटायच्या वयात ते जयपुरात आले.

इकडे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांना एक धक्का बसला. वाळवंटाचा मुलूख म्हणून ज्या राजस्थानात ते भीत भीत उतरले होते, त्यातल्या जयपुरात आटपाडीपेक्षा जास्त पाऊस पडत होता. आजही पडतो. शाळेच्या नकाशात राजस्थान पिवळा आणि महाराष्ट्र हिरवा रंगवतात, म्हणून आपल्याला हे खोटं वाटतं. आबा मात्र सगळ्यांना सांगायचे, "आम्ही कोरड्यातनं ओल्यात आलो, वाळवंटात."

मी दहावीपर्यंत गावी आज्जीजवळ होतो. गलाईवाल्यांच्या पोरांची ही नेहमीची वाटणी: बाप परगावी, पोरगं आजीकडे, कमाई मनिऑर्डरने. त्यामुळे दुष्काळाच्या गोष्टी मला दोन ठिकाणी ऐकायला मिळाल्या. आधी विट्याजवळच्या वस्तीवर आज्जीच्या तोंडून, आणि नंतर वैशाली नगरमध्ये, परकोट्यातली, म्हणजे जुन्या तटबंद शहरातली, भाड्याची खोली सोडून आबांनी घेतलेल्या घराच्या ओट्यावर, शेजारच्या काकोसांच्या तोंडून. काकोसा नागौरकडचे, निवृत्त पटवारी. पटवारी म्हणजे आपला तलाठी. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या शेतातली पिकं गिरदावरीत नोंदवली, आणि कुठलं गाव 'अभावग्रस्त' ठरायचं याचा पहिला आकडा त्यांच्याच बोरूखालून गेला. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना आम्रपाली सर्कलजवळच्या या वस्तीत आणून ठेवलं.

आज्जीच्या बोलण्यात दुष्काळाला सन नसायचा, नुसता 'बहात्तर' असायचा. खरं तर तो सलग तिसरा वाईट हंगाम होता. 1970 पासूनच पाऊस हात आखडत होता. पण लोकांनी तिन्ही वर्षांची मोट शेवटच्या, सगळ्यात वाईट वर्षाच्या नावाने बांधली. तिच्या गोष्टी उपाशीपोटाच्या कमी आणि कामाच्या जास्त. खडी फोडायला सकाळी निघायचं, डोक्याला फडकं, हातात हातोडी, मुकादमाच्या मस्टरवर अंगठा. पोरं कडेला गोधडीवर. दुपारी सुकडी मिळायची, ती आज्जी पोरांच्या पुढ्यात ढकलायची. रेशनला लाल मिलो यायची. "त्या जोंधळ्याची भाकरी थापताना फाटायची आन् गिळताना अडायची," असं म्हणताना तिचं तोंड अजून वाकडं व्हायचं. आपली शाळूची भाकरी खाल्लेल्या माणसाला अमेरिकेत जनावरांपुढे टाकायचं ते धान्य खावं लागणं, हा तिच्या लेखी दुष्काळाचा खरा अपमान होता. गुरं गेली त्याबद्दल ती बोलायची नाही.

1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. या धकाधकीतच वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला बळ मिळालं आणि पुढे 1977 मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, हे सरकारवर बंधन. एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींची रांग लागली नाही, ही त्या पिढीची आणि त्या प्रशासनाची कमाई आहे, आणि ती आपण पुरेशी सांगत नाही. दुष्काळ म्हटलं की आपल्याला भेगाळलेल्या जमिनीचा फोटो लागतो, मस्टरचा कुणी काढत नाही.

काकोसांचा दुष्काळ याच्या आधीच्या शतकातला. छप्पनिया. विक्रम संवत 1956, म्हणजे इंग्रजी 1899-1900. त्यांनी तो पाहिलेला नव्हता, पण त्यांच्या आजोबांनी लहानपणी भोगलेला होता, आणि मारवाडात ही गोष्ट घरातल्या भांड्यांसारखी पुढच्या पिढीकडे येते. खेजडीची साल वाटून पिठात मिसळायची. भुरट नावाच्या गवताचं काटेरी बी झोडून त्याच्या भाकऱ्या करायच्या. घरात चांदीची कडी होती, पण कडी घेऊन धान्य देणारा कुणी नव्हता. काकोसा हे सांगत असताना त्यांच्या घरात लग्नाची तयारी चालली होती आणि जेवणाच्या यादीत केर-सांगरी होती. सांगरी त्याच खेजडीची शेंग. पूर्वी पोट जाळायला खाल्लेली ती आज जयपूरच्या हॉटेलांत आणि लग्नांत मानाची भाजी आहे, आणि वाळवलेल्या सांगरीचा भाव ऐकून माझी आई दर वेळी पिशवी परत घडी घालते.

राजस्थानी माणसाकडे दुष्काळाचा हिशेब फार बारीक होता. धान्य बुडालं तर एक प्रकार, चारा बुडाला तर दुसरा, पाणीही गेलं तर तिसरा, आणि तिन्ही एकदम गेले की त्रिकाळ. दर तिसऱ्या वर्षी अर्धा दुष्काळ आणि आठव्या वर्षी पुरा, असं एक गणित त्यांच्या म्हणीत बसलेलं. दुष्काळ माणसासारखा आडवा पसरलेला आहे, त्याचे पाय अमक्या गावात, हात तमक्या गावात, आणि जैसलमेरला तर त्याचं कायमचं घर, अशीही एक जुनी उक्ती आहे. म्हणजे त्याला पत्ता होता आणि वेळापत्रक होतं. आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, शकुन बघायचे, नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, किती तापला ते मोजायचं, आणि लक्षण वाईट दिसलं की गुरं हाकत माळव्याची वाट धरायची. माळवा काळ्या मातीचा, भरवशाचा. माळव्यात जाणं ही मारवाडची पिढ्यान्‌पिढ्यांची विमा पॉलिसी होती.

छप्पनियात तीच बुडाली. काकोसांचे पणजोबा गाई घेऊन दक्षिणेकडे निघाले. वाटेत गाई बसत गेल्या. त्यांना उठवायला शेपटी पिरगाळायची, मग तेही सोडून द्यायचं. आणि माळव्यात पोचल्यावर दिसलं, की तिथेही पाऊस नाही. तिथली माणसंच निघायच्या तयारीत. काकोसा इथे थांबायचे आणि आपल्या पटवारी आवाजात, एखादी नोंद वाचून दाखवावी तसं म्हणायचे, "काळ पडल्याने माणूस मरत नाही. पुढच्या गावातही काळ आहे हे कळल्यावर मरतो."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. हवामानबदल आणि दुष्काळ यांवर जे काही वाचलं, त्यात मला पुन्हा पुन्हा हेच वाक्य भेटत राहिलं, फक्त आकड्यांच्या भाषेत. एका तालुक्याचा दुष्काळ आणि एका खंडाचा दुष्काळ यांत फरक आकाराचा नाही. तालुक्याच्या दुष्काळातून चालत बाहेर पडता येतं.

1899 मध्ये राजपुताना, गुजरात, मध्य भारत, वऱ्हाड, निजामाचा मुलूख आणि दख्खन असा सगळा पट्टा एकदम कोरडा पडला. देशभरातला मोसमी पाऊस सरासरीपेक्षा चौथ्या हिश्शाहून अधिक कमी. त्या वर्षी हवामान खात्याने पाऊस चांगला होईल असं सांगितलं होतं, ही त्यातली कडू गंमत. 1900 मध्ये पाऊस आला, भरपूर आला, आणि त्याच्यामागून हिवतापाची साथ आली. भुकेने खंगलेली शरीरं तापात गेली. 1891 आणि 1901 या दोन जनगणनांच्या मध्ये राजपुतान्याची लोकसंख्या सुमारे एक-पंचमांशाने घटली. जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांनी 1900 मध्ये 15 लाख रुपये देऊन देशव्यापी दुष्काळ निधी उभा करायला लावला. शहराला पाणी देणाऱ्या रामगड बांधाचं काम 1897 मध्ये सुरू झालं होतं, ते 1903 मध्ये पुरं झालं. म्हणजे छप्पनिया त्या बांधाच्या कामावरूनच गेला.

फसलेल्या अंदाजाची बोच सरकारला लागली. 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती हवामान खात्याचा प्रमुख होऊन आला. त्याला हवामानातलं फारसं कळत नव्हतं, आणि माझ्या मते तेच कामाला आलं. त्याने जगभरच्या वेधशाळांतले वायुभाराचे, पावसाचे, तापमानाचे आकडे गोळा करून कारकुनांच्या फौजेकडून त्यांची एकमेकांशी गाठ घालून पाहिली, आणि 1920 च्या दशकात त्याला दिसलं की प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि हा झोका हलला की आपला मोसमी पाऊस हलतो. पुढे त्याची सांगड पेरूच्या किनाऱ्यावरच्या एल निनोशी बसली. 1877, 1899, 1918, 1972, 1987, 2002, 2009, 2015: आपल्या आजी-आजोबांनी नावं ठेवलेल्या दुष्काळांची ही यादी, आणि ही सगळी एल निनोचीही वर्षं. प्रत्येक एल निनोला दुष्काळ पडतोच असं नाही. 1997 चा एल निनो केवढा मोठा होता, पण पाऊस सरासरीच झाला. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्य काम सिमल्याहून पुण्याला आलं आणि हा सगळा शोध मराठी मुलखात राहायला आला.

त्याहून मागे जायचं तर माणसांच्या आठवणी पुरत नाहीत, झाडांना विचारावं लागतं. एडवर्ड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये आशिया खंडातल्या 300 हून अधिक ठिकाणच्या झाडांच्या वलयांवरून गेल्या सात शतकांतल्या मोसमी दुष्काळांचा नकाशा काढला. झाड ओल्या वर्षी जाड वलय धरतं, कोरड्या वर्षी बारीक. त्या नकाशात चार महादुष्काळ ठळक दिसतात. 1638 ते 1641 चा चीनमधला, ज्याच्या पाठोपाठ मिंग घराणं गेलं. 1756 ते 1768 चा आग्नेय आशियातला. 1790 ते 1796 चा, ज्यात आपल्याकडे रस्त्यांवर कवट्या पडल्या म्हणून कवटी-दुष्काळ हे नाव राहिलं. आणि 1876 ते 1878 चा. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने हजार वर्षं जे दगडी खांब घडवले, त्यांतही चौदाव्या-पंधराव्या शतकातले लांबलेले कोरडे काळ वाचता येतात. आपल्या बखरींतला दुर्गादेवीचा दुष्काळ त्यांतलाच. तेव्हा कारखाने नव्हते, मोटारी नव्हत्या. महादुष्काळ हवामानबदलाने शोधून काढलेले नाहीत. ज्यांना हे ऐकून 'म्हणजे सगळं नैसर्गिकच आहे' असा दिलासा वाटतो, त्यांनी चारही वेळा काय झालं ते नीट वाचावं. ज्याची धास्ती आधीच पुरी होती त्यावर आपण आणखी तेल ओततोय, एवढाच याचा अर्थ.

आबा आणि काकोसा यांचं एका बाबतीत जमायचं नाही. गप्पा सावकारीवर आल्या की आबा पेटायचे. आमच्या भागात मारवाडी म्हणजे सावकार हेच समीकरण. सुप्याला 1875 च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, ती हकिगत आबांनी शाळेत वाचलेली. काकोसा शांतपणे विचारायचे, "तो मारवाडी मारवाड सोडून तुमच्या सुप्याला कशाला आला होता?" व्यापाराला आला होता हे खरंच, पण घरी दर तिसऱ्या वर्षी जमीन दगा देत नसती तर एवढी माणसं एवढ्या लांब गेली नसती, हेही तितकंच खरं. मारवाडातून निघून नगर-पुण्याकडे गेलेला वाणी आणि खानापुरातून निघून जोहरी बाजारात आलेला गलाईवाला, दोघांच्या घरातून एकच गोष्ट निघून गेली होती. वहीतल्या व्याजाचा दर मात्र काकोसांनी कधी समर्थनीय ठरवला नाही. पटवारी होते ते.

एका हिवाळ्यात आज्जी जयपूरला आली. तिला हिंदी येत नव्हतं, काकोसांना मराठी येत नव्हतं. पण ओट्यावर बसून दोघांनी मिलो, सुकडी, भुरट, खेजडीची साल यांची देवाणघेवाण केली आणि दोघांनाही सगळं कळलं. आज्जीने फक्त एक गोष्ट मानली नाही. लोक उपाशी मरत असताना राजाने 15 लाख दिले, त्यात काय मोठं? "काम दिलं का?" एवढंच तिने विचारलं. मी भाषांतर केलं. काकोसा हसले आणि म्हणाले, बाईसा हिशेब जाणतात.

या प्रश्नाचं उत्तर पुढे जयपुरातूनच निघालं. 2001 मध्ये राजस्थान सलग कोरड्या वर्षांत अडकला होता, आणि जयपूरजवळच्या सरकारी गोदामांत धान्य सडत होतं. इथल्या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि त्याच वर्षी 28 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळांत शिजवलेलं जेवण देणं राज्यांवर बंधनकारक झालं. महाराष्ट्राची रोजगार हमी आणि राजस्थानातल्या कार्यकर्त्यांचा रेटा यांतून 2005 चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा आला. छप्पनियात माणसं मेली ती पाऊस नव्हता म्हणून जितकी, तितकीच धान्य आणि मजुरी पोचली नाही म्हणून. भुकेचा प्रश्न या देशाने बराचसा दुष्काळापासून सोडवून घेतला. पाण्याचा नाही सोडवला.

आता पावसाकडे. गेल्या काही दशकांत काय बदललं हे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालात आहे, आणि त्यातलं बरंच काम पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतलं. 1901 ते 2018 दरम्यान देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढलं. 1951 ते 2015 या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचं पाणी सुमारे 1 अंशाने तापलं, आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. गंगेचं खोरं आणि सह्याद्री यांना त्याचा फटका अधिक. पाऊस ओढून आणतो तो तापलेली जमीन आणि थंड समुद्र यांच्यातला फरक. समुद्रच तापला तर ओढ ढिली पडते. पण तापलेल्या समुद्रावरून वाफ जास्त उठते, आणि हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ पोटात धरते. म्हणजे पाऊस यायला कुचराई करतो, आणि आला की सगळं एकदम ओततो. त्याच अहवालात मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरपेक्षा जास्त कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग 1950 ते 2015 दरम्यान सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्याचं आहे. आणि ऐन पावसाळ्यातले कोरडे खंड 1951-1980 च्या तुलनेत 1981-2011 मध्ये 27 टक्के अधिक वेळा पडले.

राजस्थानची गोष्ट याहून चमत्कारिक. वायव्य भारताचा पाऊस वाढतोय. 2024 मध्ये दिल्लीच्या एका संस्थेने तालुकावार आकडे मांडले, त्यात राजस्थान, गुजरात, मध्य महाराष्ट्र अशा परंपरेने कोरड्या भागांत गेल्या दशकात पाऊस वाढलेला दिसला आणि गंगेच्या मैदानात, ईशान्येत, हिमालयात घटलेला. 2022 मध्ये देशाचा पाऊस सरासरीपेक्षा जास्त होता, तेव्हा बिहार आणि उत्तर प्रदेशात सुमारे 30 टक्के तूट होती. आमच्या वस्तीला आणि चौकाला वैशाली-आम्रपाली ही नावं ज्या बिहारच्या वैशालीवरून मिळाली, तिथला भातकरी आभाळाकडे बघत होता आणि इथे आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. बारमेरच्या कवास भागात तर 2006 च्या ऑगस्टमध्ये वाळवंटात पूर येऊन ते पाणी आठवडेच्या आठवडे उतरलं नव्हतं, कारण खाली जिप्समचा थर. दुष्काळाचं कायमचं घर म्हणून जो पत्ता सांगितला जायचा, तो बदलतोय, आणि जिथे तो निघालाय तिथल्या लोकांच्या म्हणीत त्याच्यासाठी अजून जागा नाही.

मग राजस्थानने आनंद मानावा का? 2023 बघा. जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छमधून आत शिरलं आणि जालोर, पाली, बारमेर पाण्याखाली गेले. जुलैही बरा. मग ऑगस्ट. देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, तूट 36 टक्के. राजस्थानात तर महिना जवळजवळ सुकाच गेला. बाजरी फुलोऱ्यात असताना पाणी नाही. आणि हंगाम संपल्यावर बेरीज काय? सरासरीपेक्षा जास्त. काकोसा तेव्हा हयात असते तर त्यांना ही नोंद गिरदावरीच्या कुठल्या रकान्यात घालावी हे कळलं नसतं. त्यांच्या काळी दुष्काळ दोन चांगल्या सालांच्या मधे यायचा. आता तो चांगल्या सालाच्या पोटात बसतो.

आमच्या खानापूरचंही तेच. टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी चढवून आणलं, डाळिंबं आणि द्राक्षं आली, गलाईवाल्यांची पोरं शेती करायला परत गेली. तरी त्या 2023 च्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारने 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात खानापूर होता. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं; त्या टाक्या धुऊन-सुकवून पाठवल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्याने. आणि त्याच मराठवाड्यात 2025 च्या सप्टेंबरमध्ये शेतांतली माती पुराने खरवडून नेली. पाण्याची रेल्वे आणि पुराची होडी एकाच मुलखात दशकाच्या आत.

'दुसरीकडे पाऊस आहे' हा आपल्या वाडवडिलांचा सगळ्यात जुना भरवसा. 1972 मध्ये मिलो आली कारण अमेरिकेत पिकलं होतं. पण त्याच वर्षी सोव्हिएत रशियातही पीक बुडालं, आफ्रिकेतल्या साहेलमध्येही दुष्काळ होता, रशियाने अमेरिकेचा गहू घाऊक उचलला आणि जगभर धान्याचे भाव भडकले. आज्जीला जे धान्य अपमानाचं वाटलं, ते मिळवतानाही सरकारची दमछाक होत होती. 2022 मध्ये युरोप, चीनचं यांगत्से खोरं आणि आफ्रिकेचं शिंग एकाच वर्षात कोरडे होते. त्या शिंगात तर लागोपाठ पाच हंगाम गेले, आणि मानवी तापमानवाढीमुळे तसा दुष्काळ पडण्याची शक्यता सुमारे 100 पट वाढली होती, असं शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने दाखवलं. जगाची अनेक धान्यकोठारं एकाच वेळी रिकामी होण्याची भीती आता अभ्यासकांच्या कागदांत गांभीर्याने मांडली जाते. काकोसांच्या पणजोबांना माळव्याच्या वेशीवर जे दिसलं, तेच.

जयपुरात जंतरमंतरच्या सम्राट यंत्रावर आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी ज्योतिषी चढतात, ध्वज धरून वारा कुठून वाहतो ते बघतात आणि पावसाचं भाकीत सांगतात. सवाई जयसिंहाच्या दरबारात ग्रीक आणि अरबी ज्ञान संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रीय होते, त्यामुळे त्या यंत्राशी आमचं लांबचं नातं आहे असं आबा गमतीने म्हणत. भाकीत बरोबर येवो न येवो, वारा बघायला वर चढणारी माणसं मला आवडतात. निदान ती आभाळाकडे बघतात. बाकी शहर टँकरच्या नंबरकडे बघतं. वैशाली नगरच्या बंगल्यांत बोअर आहेत, बिसलपूर धरणाचा नळ आहे, आणि तरी मे महिन्यात टँकर आहे. बिसलपूर टोंक जिल्ह्यात, बनास नदीवर. तिथून इतक्या लांब पाणी आणावं लागलं कारण रामगड आटला. ज्या रामगडवर 1982 च्या आशियाई खेळांच्या नौका पळाल्या, तो 1981 च्या पुरानंतर कधी भरलाच नाही. पाणलोटात बांध पडले, फार्महाऊसं झाली, बाणगंगेचे ओहोळ अडले. राज्यभर जमिनीत दरवर्षी जितकं पाणी मुरतं, त्याच्या सुमारे दीडपट उपसलं जातं. 2024 मध्ये पाऊस दणकून झाला, बिसलपूरचे दरवाजे उघडावे लागले, आणि रामगड कोरडा. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्या कोरड्या रामगडवर ड्रोनने कृत्रिम पाऊस पाडायचा प्रयोग ठरला; बघायला एवढी गर्दी जमली की पहिल्या दिवशी तो नीट उडालाही नाही. आभाळात पाणी होतं त्या वर्षी, भरपूर. त्याला धरणापर्यंत जायची वाट जमिनीवर नव्हती.

म्हणून हवामानबदलाच्या नावाने हात वर करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि 'हवामानबदल वगैरे काही नाही, नुसती आपली नालायकी' म्हणणाऱ्यांवरही नाही. जयपूरपासून दुदूच्या बाजूला लापोडिया गाव आहे. तिथे लक्ष्मणसिंहांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी गायरानात चौका नावाचे उथळ चौकोन आखले. पाऊस त्यांत टाचभर साचतो, मुरतो, गवत उगवतं, उरलेलं पाणी तळ्यात जातं. धो धो पडून पंधरा दिवस गायब होणाऱ्या आजच्या पावसाला याहून समजूतदार उत्तर मी पाहिलेलं नाही. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायची सवय लावली, शेतीला बोअर बंद केले, तेही याच जातीचं. दोन्ही ठिकाणी पाऊस वाढवला नाही. आलेल्याला राहायला जागा केली.

दरवर्षी 30 सप्टेंबरला हंगाम संपतो आणि सरासरीचा टक्का जाहीर होतो. वर्तमानपत्रं तोच आकडा मथळ्यात टाकतात, आणि 2023 मध्ये राजस्थानला जसा तो फसवून गेला, तसा तुम्हालाही फसवेल. तेव्हा तुम्ही शेतकरी असा की नसा, तुमच्या महसूल मंडळातलं पर्जन्यमापक कुठे उभं आहे ते एकदा जाऊन बघा; अनेकदा ते आपल्या शिवारापासून बऱ्याच कोसांवर असतं, आणि दोन कोसांवर पाऊस बदलतो. पाऊस किती पडला याच्या जोडीला किती दिवसांत पडला आणि मधला सर्वांत लांब खंड किती दिवसांचा होता, हे तलाठ्याला विचारा. पीकविम्याचे पैसेही पूर्वी याच खंडाच्या दिवसांवर अडायचे किंवा सुटायचे. उत्तर लेखी घ्या.